काच उघडी, दार बंद

खोटं बोलायचं तर नीट ठरवून तरी बोलावं ना! पण धाकटीला ते या जन्मात जमलेलं नाही. सकाळी चहा पिताना बाबांनी सहज विचारलं, "दुपारी तीनला कुठे निघालीस म्हणे?" आणि नेमका तेव्हाच टोस्टचा कडक तुकडा तिच्या दाताखाली आला म्हणून असेल, ती पटकन म्हणाली, "दात दुखतोय. डॉक्टरकडे जाऊन येते."

झालं! बाबा लगेच विरघळले. "कधीपासून? बोलली नाहीस ते!" आणि आत्या आतून ओरडली, "रात्री गोड खाऊन तशीच झोपते ना, मग दुसरं काय होणार!"

धाकटी म्हणजे चांगली सव्वीस वर्षांची बरं का. मोठी लग्न होऊन गेली, ही राहिली, म्हणून घरात धाकटी आणि आता अख्ख्या बाजारात धाकटी. खरं काय होतं, तर तीन वाजता तिची मुलाखत होती. फोनवर, व्हिडिओवर. लांबच्या शहरात एक कंपनी आहे, तिथे नव्या लेन्स आखतात, आणि त्यांना असं माणूस हवं होतं ज्याने जुन्या लेन्स हातांनी उघडल्यात आणि परत मिटल्यात. दोन महिने चोरून पत्रव्यवहार चालला होता. आज शेवटची पायरी. मैत्रिणीच्या घरी जाऊन, दार लावून, पंधरा मिनिटं बोलायचं, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, सव्वीस वर्षांची बाई, बापाला सरळ सांगायला काय होतं? तर तिने सांगितलं होतं. मागच्या वर्षी. बाबा म्हणाले होते, "जा की. अडवलंय कुणी?" छान वाटलं तिला. मग संध्याकाळी ती दुकानात पाणी प्यायला गेली तर बाबा एकटेच टेबलाशी बसलेले. समोर एक भंगारातली लेन्स, आणि ते तिच्यात एक स्क्रू बसवत होते. म्हणजे बसवायचा प्रयत्न करत होते. त्यांचे हात तीन वर्षांपासून थरथरतात. स्क्रू पडला. ते खाली वाकले, लोहचुंबक घेऊन फरशी चाचपली, स्क्रू शोधला, परत बसले. परत पडला. धाकटीने दारातून सात वेळा मोजलं आणि पाणी न पिताच परत गेली. त्यानंतर विषय बंद.

दुकान लेन्स दुरुस्तीचं. पुढे काउंटर, काउंटरवर आत्या. तिच्याकडे पावत्या आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या. मागे एक खोली, तिला सगळे डबी म्हणतात. बाबांनी स्वतः प्लायवूडने बांधलेली, सात बाय पाच. खिडकी नाही. पंखा नाही, कारण पंखा धूळ उडवतो. फरशीवर ओलं फडकं, डोक्याला टोपी, एक दिवा, दोन स्टुलं, आणि दाराच्या चारी कडांना रबराची पट्टी. तिथे एकच कायदा. लेन्सची काच उघडी असेल तोवर दार बंद. मग कुणीही येवो, काहीही होवो. बाबा तरुणपणी अकरा वर्षं लेन्सच्या कारखान्यात होते, तिथून ते हा कायदा घेऊन आले. एकदा आत्याला बाहेर चक्कर आली, ती खुर्चीवरून खाली घसरली, तरी बाबांनी आधी लेन्स मिटली आणि मग दार उघडलं. आत्या अजून ते ऐकवते.

आणि डबीत काम कसं चालतं? हात धाकटीचे, डोळे बाबांचे. ती बसवणार, ते बघून सांगणार. एकाला दुसऱ्याशिवाय तिथे काही अर्थ नाही.

तर बारा वाजता दुकानात कोण यावं? सांगा ना! त्याच गल्लीतली दातांची डॉक्टरीणबाई! हातात लेन्स.

"काका, टेबलावरून पडली हो. रिंग अर्ध्यात अडकलीये. आणि उद्या सकाळी आठला पेशंट आहे, दात काढायच्या आधी फोटो लागतोच. संध्याकाळपर्यंत द्या ना."

धाकटी मागच्या मागे डबीत सटकणार, इतक्यात बाबा अगदी खुशीत म्हणाले, "अहो, बरं झालं आलात! हिला तीन वाजता तुमच्याकडेच यायचंय."

डॉक्टरीणबाईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने डॉक्टरीणबाईकडे. धाकटीचे डोळे जे काय बोलले ना, ते कुठल्याही भाषेत कळलं असतं.

"माझ्याकडे... हो हो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तीन. येऊ दे की." आणि मग गोड हसून, "पण आधी माझी लेन्स हं."

म्हणजे सोडवलं पण तिनेच, आणि कॉलर पकडली ती पण तिनेच.

सव्वाबाराला डबीचं दार लागलं. लेन्स मॅक्रो होती. म्हणजे मुंगीच्या मिशा दिसतील इतकी जवळ नेता येते ती. बाबांचा जीव की प्राण. कारखान्यात ते मॅक्रोच्याच टेबलावर होते. त्यामुळे मॅक्रो आली की त्यांची टकळी सुरू होते, आणि धाकटीला ती तोंडपाठ आहे.

"आधी सगळे लांबचं धरून लेन्स आखायचे," बाबा म्हणाले. "डोंगर, इमारती, माणसं."

"आणि मग कुणाला तरी माशीचा डोळा बघायची हौस आली," धाकटी स्क्रू काढता काढता म्हणाली.

"हौस नाही, गरज. मग काय केलं? लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये नळी घातली. नाहीतर भाता लावला, घड्या घड्यांचा. लेन्स ढकला पुढे! जवळचं दिसायला लागलं, पण जितकं पुढे ढकलाल तितका उजेड कमी, आणि कडा बघाव्यात तर उन्हात ठेवलेलं लोणी. का? कारण आखलीये लांबसाठी आणि वापरताय जवळ."

"मग जवळचं धरून आखली."

"मग जवळचं धरून आखली! कागदपत्रांचे फोटो काढणारे खूश. बारीक अक्षर पार कोपऱ्यापर्यंत टवटवीत. पण तीच लेन्स लांब वळवा, की लागली रुसायला. मग कुणीतरी म्हणालं, अरे, पुढच्या काचा आणि मागच्या काचा एकाच चालीने चालवायच्याच कशाला? पुढच्या आपल्या वेगाने जाऊ द्या, मागच्या आपल्या. त्यांच्यातलं अंतर हवं तसं बदलेल. जवळही साधेल, लांबही."

"संसारासारखं."

"संसाराचं मला माहीत नाही, मी लेन्सचं सांगतोय. हळू फिरव."

आता ही दोन चालींची गंमत होते कशी, तर आत दोन नळ्या असतात, एकीत एक, आणि दोन्हींना स्क्रूसारखे आटे. पण स्क्रूला आटा सुरू व्हायची एकच जागा असते. इथे सहा असतात. बाहेरची नळी लेन्सच्या अंगात जाते तिथे सहा तोंडं, आतली बाहेरचीत जाते तिथे आणखी सहा. कुठल्याही तोंडातून घाला, नळी जाते, फिरते, छान वाटते. पण बरोबर बसते एकातच. म्हणून नळी सुटायच्या नेमक्या क्षणी थांबायचं, आणि ती जिथे सुटतेय तिथे सुईने खूण करायची. बाहेर एक, आत एक. हे बाबांनी तिला ती आठ वर्षांची असताना शिकवलंय. खूण केल्याशिवाय सोडायचं नाही म्हणजे नाही.

धाकटीच्या डोक्यात मात्र तीन वाजत होते. मैत्रीण घरी असेल ना? बाबांनी उद्या डॉक्टरीणबाईला विचारलं, कुठला दात, तर? रिंग अडकलेली होती, तिने जरा जोर लावला, आणि टक्! अडकलेली रिंग सुटली, बाहेरची नळी तिच्या डाव्या हातात आली, आणि तिच्या मागून आतली घसरून सरळ मांडीवर.



"खूण?" बाबा म्हणाले.

धाकटीने मांडीवरची नळी उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"एकीची तरी?"

"नाही."

सहा गुणिले सहा, छत्तीस. एकेक जोडी घालायची, काचा आत ठेवायच्या, कॅमेऱ्यावर चढवायची, बाबांनी आधी जवळचा बारीक रेघांचा कागद बघायचा, मग भिंतीतल्या नळीत लांबचं बघायचं. त्या नळीत काचेच्या करामतीने एक बारीक खूण बसवलीये, ती मैलभर लांब असल्यासारखी दिसते. एका जोडीला चार-पाच मिनिटं. आणि काच सगळी उघडी! पुढची, मागची, ताटात मांडलेल्या पेढ्यांसारखी. म्हणजे दार बंद.

"बस आता," बाबा म्हणाले. ते चिडले नाहीत, हेच तर वाईट.

एक. नाही. दोन. नाही. तीन, चार, पाच, नाही, नाही, नाही. टोपीखालून घाम उतरायला लागला, तो काचेवर पडू नये म्हणून तिने कपाळाला पट्टी बांधली. दिवा तापला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. बाबांचा श्वास कॉफीच्या वासाचा, आणि जागा इतकी कमी की तो वास तिलाच आपला वाटायला लागला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून वर चिकटपट्टी लावलीये असं वाटत होतं तिला.

"अगं, दात कसा आहे?" आत्याने प्लायवूडवर टकटक केलं.

"ठीक आहे!"

"सूज आलीये का?"

"आत्या, काच उघडी आहे!"

"मी बोलतेय, धूळ उडवत नाहीये!"

नऊ. दहा. अकरा. बाबा प्रत्येक वेळी डोळा लावायचे आणि "नाही" म्हणायच्या आधी अर्धा क्षण थांबायचे. त्या अर्ध्या क्षणात धाकटी दर वेळी मैत्रिणीच्या घरी पोचायची, आणि दर वेळी परत यायची. एक वाजून गेला. दीड. खिशात फोन तिच्या मांडीला टोचत होता. अठरा. एकोणीस. सव्वादोन वाजले.

चोविसाव्याला बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे!"

"काय?"

"लख्ख आहे. कोपऱ्यापर्यंत." मग लांबचं बघायला नळीत डोळा. बराच वेळ. "लांबचं नाही लागत. धुकं आहे."

पावणेतीन झाले होते. धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. अजून बारा, म्हणजे तास. झालं, संपलं. मैत्रिणीकडे सायकलने जायलाच दहा मिनिटं लागतात. आणि तिच्या मनात आलं, लगेच आलं, लपवून काय करायचं, की दातवालीला लांबचं कशाला हवंय? ती तोंडाच्या आत बघते. आयुष्यात कधी ही लेन्स खिडकीबाहेर वळवणार नाही. कुणाला कळणार?

पण हे बोलायची तिची हिंमत नव्हती. आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "मिटून टाक."

"काय?"

"मिट आणि देऊन टाक. तिला दातच बघायचे आहेत ना? जवळचं लख्ख आहे."

धाकटी बघतच राहिली. हा माणूस! ज्याने चक्कर आलेल्या बहिणीसाठी दार उघडलं नव्हतं! शंभरदा ऐकलंय तिने त्यांच्या तोंडून, की अर्धवट लेन्स दिलीस तर मी तुझा बाप नाही.

"बाबा, लांबचं लागत नाहीये."

"दिसतंय मला. तू मघापासून जबडा दाबून बसलीयेस, तेही दिसतंय. दुखणं अंगावर काढू नये." आणि ते उठले. लेन्स मिटायचीसुद्धा वाट बघितली नाही त्यांनी. थरथरता हात कडीवर. "तू नीघ. बाकीचं मी बसवतो."

"बाबा, काच उघडी आहे!"

"असू दे गं."

रबराची पट्टी सुटल्याचा चर्र आवाज आला. दाराला बोटभर फट पडली. बाहेरचा उजेड आत आला आणि त्या पट्ट्यात धूळ नाचताना दिसली, साधी, रोजची धूळ, पण त्या खोलीत ती धाकटीने पहिल्यांदाच पाहिली. दार उघडं होतं. फक्त उठायचं होतं. आणि बाबा मागे बसणार, बाकीचं बसवणार, त्या हातांनी.

आणि बघा ना, बंद दारामागे अडीच तास तिने सहन केलं, पण ती फट काही तिला सहन झाली नाही.

"माझा दात दुखत नाहीये," ती म्हणाली.

बाबा वळले.

"तीनला मुलाखत आहे. लेन्स आखणाऱ्या कंपनीची. फोनवर. दोन महिने चाललंय." एका दमात. श्वाससुद्धा घेतला नाही.

बाबांनी दार लावलं. नीट दाबून, पट्टी चारी बाजूंनी बसल्याची खात्री करून. मग स्टुलावर बसले. गुडघ्याला गुडघा.

"म्हणजे दात ठणठणीत आहे."

"हो."

"मग दार उघडायचं काही कारण नाही," बाबा म्हणाले. "काच उघडी आहे."

"बाबा—"

"फोन आहे ना? इथेच बोल."

"तुमच्यासमोर?"

"मी कुठे जाऊ? काच उघडी आहे."

तीनला फोन वाजला. फोन ठेवायला जागाच नव्हती, टेबलावर सगळ्या काचा. बाबांनी हात पुढे केला आणि तो धरला. पडद्यावर दोन माणसं आली, एक चष्मेवाली बाई आणि एक पिकल्या दाढीचे गृहस्थ.

"चित्र फार हलतंय," बाई म्हणाली. "गाडीत आहात का?"

बाबांनी दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवली, फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी थोडं हलतच होतं.

पडद्यावरच्या दोघांनी विचारलं, मागच्या काचा वेगळ्या का चालवतात? धाकटीने सांगितलं. लांबचं, जवळचं, भाता, कडा, सगळं. बाबांचेच शब्द होते. लोण्याऐवजी तिने फक्त वितळलेलं मेण म्हटलं. मग दाढीवाल्यांनी विचारलं, "आत्ता काय करताय?" आणि तिला खोटं बोलायचा इतका कंटाळा आला होता की तिने नळ्या उचलून दाखवल्या. "खूण करायची विसरले. छत्तीसातल्या चोवीस जोड्या झाल्यात."

दोघंही पुढे वाकले. "तुम्ही अशी लेन्स आखली असती तर काय बदललं असतं?"

"सहा तोंडांतलं एक रुंद केलं असतं," धाकटी म्हणाली. "मग चुकीचं बसलंच नसतं."

"हॅ!" फोनच्या मागून आवाज आला. "मग शिस्त कोण पाळणार?"

"बाबा!"

"खूण करायला शिकायला नको का माणसाने?"

"माणूस विसरतो म्हणून लेन्सने का भोगायचं?" धाकटी तिथल्या तिथे भडकली. मुलाखत, कंपनी, सगळं विसरली. "तुम्ही कारखान्यात अकरा वर्षं खुणा केल्यात, एकदा तरी वर जाऊन सांगितलंत का, की हे तोंड रुंद करा?"

"कोण आहेत ते?" बाईने विचारलं.

"माझे वडील. बाहेर जाता येत नाहीये त्यांना."

दाढीवाले हसायला लागले. "काका, किती वर्षं खुणा करताय?"

फोन सरळ धरूनच बाबा म्हणाले, "चाळीस."

"आणि किती वेळा विसरलात?"

धाकटीने नजर वर करून बघितलं. बाबा फोनच्या पाठीकडे बघत होते.

"तीनदा," ते म्हणाले. "हिला सांगितलं नव्हतं."

बाईने काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली की एक तारखेपासून या, कागद उद्या पाठवतो. धाकटीच्या तोंडून हो निघेना. "उद्या कळवते," म्हणाली. फोन बंद झाला आणि डबी एकदम आणखीच लहान झाली.

बाबांनी फोन तिच्या खिशात टाकायला बघितला, दोनदा चुकला, मग तिच्या मांडीवर ठेवला. "पंचविसावी," ते म्हणाले.

पंचविसावी नाही. सव्विसावी नाही. सत्ताविसाव्याला धाकटीला वाटलं, आता ओरडेन. ओरडली नाही. अठ्ठाविसाव्याला बाबांनी कागद बघितला, मग नळीत डोळा लावला, आणि या वेळी तो अर्धा क्षण संपेचना.

"ये," ते म्हणाले. "बघ तूच."

ती वाकली. लांबची ती खूण, केसाएवढ्या रेघा, स्वच्छ. इतक्या स्वच्छ की तिला वाटलं हात लागेल. ती डोळा काढेचना. मग तिने लेन्स मिटली, एकेक स्क्रू, शेवटचा आवळला, आणि बाबांनी कडी काढली.

बाहेरची हवा अशी आली अंगावर! घामाने भिजलेला कुर्ता थंडगार झाला. काउंटरवर एक उंच गृहस्थ आत्याशी बोलत होते. किड्यांचे फोटो काढणारे, गळ्यात कॅमेरा.

"हे बघा, आले बाहेर," आत्या त्यांना म्हणाली आणि बाबांकडे वळली. "यांची पण मॅक्रोच आहे. पुढच्या महिन्यात आणून देतो म्हणतात. घालू का नाव वहीत?"

धाकटी डबीच्या दारातच उभी. कपाळावर पट्टी, हातात दातवालीची लेन्स. तिला वाटलं बाबा म्हणतील, घाल. कायम हेच म्हणतात ते.

बाबांनी टोपी काढली, झटकली. "या महिन्यात आणा," ते त्या गृहस्थांना म्हणाले. "एक तारखेनंतर मॅक्रो घेत नाही आम्ही."

"का हो?"

"हात बाहेरगावी चाललाय."

"कुणाचा हात?" आत्या म्हणाली. "कुठे चाललाय? मला कुणी सांगेल का या घरात?"

बाबांनी वही स्वतःकडे ओढली, पेन्सिल घेतली, आणि एक तारखेच्या खाली एक आडवी रेघ मारली. रेघ वाकडीतिकडी आली. त्यांनी ती खोडली नाही.